पुढच्या रविवारी

फॉल रिव्हरच्या गिरणीत, साचेखात्यात,
मी आणि कोन्सेसाओ, समोरासमोर.
साचे सुरू झाले की स्वतःचा खोकलाही ऐकू यायचा नाही.
म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो,
शब्द चावून चावून,
चेहरा पाटीसारखा पुढे धरून.
कोण बाळंत झाली, कोणाचा नवरा पगार पिऊन आला,
मुकादम येतोय,
सगळं चार साचे ओलांडून पोचायचं.

तिची देओलिंडा या भाषेत वाढली.
आईचे कान पोरीच्या जन्माआधीच गिरणीने खाल्लेले.
भूक लागली तर पोर रडायची नाही,
समोर येऊन उभी राहायची
आणि ओठांनी म्हणायची: सूप.

सातव्या वर्षी तिला राणी केलं.
पवित्र आत्म्याचा सण.
बेटांवरून येताना आम्ही आणलं काय,
तर चांदीचा एक मुकुट, साऱ्या गल्लीत मिळून एक.
आठवडाभर एका घरी, मग दुसऱ्या.
त्यांच्याकडे तो शिवणयंत्रावर बसला, कागदी फुलांत.
मिरवणुकीत तिच्या डोक्याला मोठा झाला,
आत चिंध्या कोंबल्या, तरी कानावर उतरला.
पोर मान ताठ ठेवून चालली.
संध्याकाळी काढून देताना विचारलं,
"पुढच्या रविवारी हा कोणाकडे?"
मेदेरोसांकडे, आई म्हणाली.
"बरं," म्हणाली,
आणि कानामागचा वळ चोळत राहिली.

संपाच्या वर्षी ती सतराची.
फाटकासमोर कोणी कॅमेरा घेऊन आला.
ती त्याला म्हणत होती:
डुकरा, बाजूला हो, पाव वाटायचाय.
पडद्यावर ते कोणा मोठ्या माणसाने पाहिलं
आणि म्हणे खुर्चीतून उठलाच:
आवाज नाही, तरी या मुलीचं सगळं ऐकू येतंय!

मग आगगाडी. मग नवे दात.
नाव कापून लिंडा फेअर.
बाप गोदीवर पिंपं लोटता लोटता गेला होता,
मासिकांनी त्याला जहाजाचा कप्तान केलं.
कोन्सेसाओने तो कागद घडी करून
मिठाच्या बरणीखाली ठेवला.

तिचे मूकपट आम्ही तिसऱ्या रांगेतून बघायचो.
पाटीवर यायचं: प्राणनाथा, मी तुमचीच.
ओठ म्हणायचे, आमच्या भाषेत:
तुझ्या तोंडाला कांदा मारतोय रे.
आम्ही गिरणीवाल्या फुटायचो हसून,
टोपीवाल्या बायका मागे वळून बघायच्या.

बोलपट आला तसे ओठ दुसऱ्याचे झाले.
शिकवलेलं इंग्रजी, गुळगुळीत, पेपरमिंटसारखं.
त्यातच तो राजपुत्र,
टपालाच्या तिकिटावर मावेल एवढ्या देशाचा.

इथे साचे एकेक बंद पडत होते.
पहिल्यांदाच मला कोन्सेसाओचा आवाज ऐकू आला.
बारीक होता.
मला वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय.

लग्नाची चित्रफीत आमच्याकडे जूनमध्ये आली.
आईला आमंत्रण होतं, बोटीचं तिकीटही होतं.
ती गेली नाही. म्हणाली, सोमवारी पाळी आहे.
पडद्यावर ऑर्गन, घंटा,
निवेदक मोत्यांची संख्या सांगत होता.
म्हाताऱ्या पाद्र्याने मुकुट ठेवला
आणि क्षणभर, एक क्षणभरच,
तिने सरळ आमच्याकडे बघितलं.
ओठ हलले.
निवेदक म्हणाला, राजकन्या प्रार्थना करत आहेत.

कोन्सेसाओ इतक्या जोरात हसली
की दिवेवाला टॉर्च घेऊन आला.
मग तिने दुसऱ्या खेळाचं तिकीट काढलं.
मग तिसऱ्या.

सोमवारी, उरलेल्या सहा साच्यांच्या गलक्यात,
मी ओठांनीच विचारलं: मग, काय सांगितलंस तिला?
कोणाकडे?
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
तुझा धागा तुटलाय, बघ.