जमा-नावे

कोपरखैरणे, सेक्टर चौदा, समाजमंदिराचा पहिला मजला.
दोन टेबलं. एकाचा कोपरा पाण्याने फुगलेला,
तिथे पडलेला बॉल कुणाचंच ऐकत नाही.
रेटिंगची वही माझ्याकडे असते.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटात एकतीस वर्षं
हळद-मिरचीचे हिशेब लिहिले, म्हणून.

नियम पोरांनाही पाठ आहे:
एकाच्या जमेला जे येतं
ते दुसऱ्याच्या नावे पडतं.
बरोबरीच्याला हरवलंत, आठ.
वरच्याला हरवलंत तर अंतर बघून
सोळा, पंचवीस, पस्तीस.
आणि दोनशेने खालच्याला हरवलंत
तर शून्य.
घाम तेवढाच, टॉवेल तेवढाच ओला,
शून्य.
व्हायचं तेच झालं,
त्यात कसला आलाय पराक्रम.
पण त्याच्याकडून हरलात
तर पन्नास जातात.

वहीत इरफान काझी चौदाशे पाच आहे.
महाप्याची रात्रपाळी उरकून थेट आलेला इरफान किती,
ते वहीत नाही.

दाबके गेले तेव्हा चौदाशे सत्त्याऐंशी होते.
ओळ मी खोडली नाही.
ते पॉइंट कुणालाच मिळाले नाहीत,
सोबत नेले म्हणायचे.
आणि नवीन कुणी आलं की मी त्याला अकराशे देतो,
हवेतून. ती जमा कुणाच्याच नावे नाही.
शेठजींकडे एकदाही केला नाही
तो व्यवहार इथे दर महिन्याला करतो.

टिपणीस सोळाशे बारा.
चार वर्षं यादीत सगळ्यात वर.
गेल्या दिवाळीपासून त्यांचा खांदा दुखतो.
रविवारी दुखतो, मॅचेस नोंदवतात त्या दिवशी.
मंगळवारी तोच खांदा तासभर टॉपस्पिन मारतो.
मी काही बोललो नाही.
असे व्यापारी पाहिलेत मी,
भाव पडेल म्हणून पोतं उघडतच नाहीत
आणि आतल्या आत जिऱ्याचा वास उडून जातो.

रेवा मढवी गोठिवलीची. वय अकरा, रेटिंग अकराशे,
बॅट मामेभावाची, मुठीला चिकटपट्टी.
एका मंगळवारी तिने टिपणिसांना
तीन-एक हरवलं.
शेवटचा बॉल फुगलेल्या कोपऱ्याला चाटून गेला,
तिने लगेच हात वर केला, सॉरी म्हणाली,
मग तिच्या लक्षात आलं की मॅच संपली.

टिपणीस चष्मा पुसत माझ्यापाशी आले.
लिहा, म्हणाले.
म्हटलं, आज मंगळवार.
लिहा हो.
लिहिलं. पन्नास नावे. पंधराशे बासष्ट.
आकडा त्यांनी वाकून पाहिला,
डॉक्टरच्या काट्यावर उतरलेलं वजन पाहावं तसा,
बरं की वाईट ते न ठरवता.
त्या रविवारी खांदा दुखला नाही.
दोन मॅच हरले, एक जिंकले,
आणि वडापाव आणायला स्वतः खाली गेले.

मे महिन्यात रेवा ठाण्याला खेळून आली, चरईत.
जिल्ह्यातल्या साऱ्या हॉलांची वही शेवटी एकच.
आठ पॉइंट तिकडे ठेवून आली.
टिपणीस म्हणाले, माझ्यातलेच का ते?
म्हटलं, पॉइंटावर कुणाचं नाव नसतं.
तरी. गेले कुणाकडे?
ओवी प्रधान, म्हटलं. डावखुरी आहे,
मागच्या बाजूला लांब दाण्यांचं रबर.
लेक दिल्या घराची माहिती ऐकावी
तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
बरी खेळते ना? विचारलं,
आणि उत्तराला न थांबता
फुगलेल्या कोपऱ्याच्या टेबलाकडे गेले.
इरफान तिथे जांभया देत उभा होता.