या

आचाओला खोली घेतली तेव्हा
वहीच्या पहिल्या पानावर मी एकच शब्द लिहिला
आणि पुढे जागा सोडली, तीन बोटं रुंद,
अर्थासाठी.
इतका छोटा शब्द. तीन बोटं पुरतील.

दोन्या एदुविना लाकडाच्या चुलीपाशी म्हणाल्या, या,
आणि मी जिन्यावरून धावत खाली.
आमच्याकडे पाहुण्याला म्हणतात, पोस्टमनला म्हणतात,
दारात कुणीही उभं असो, या.
त्या बघतच राहिल्या. बटाट्याचं मिल्काओ अजून कच्चं होतं.
त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं,
ऐकलं हो, पुरे.

लिहिलं: पुरे.

लादिस्लाओंना विचारलं, होडी निघायची कधी?
या, म्हणाले. म्हणजे आत्ता.
पाऊण तासानं ते एक बूट शोधत होते.
धक्क्यावर पोचलो तर होडी पार पलीकडच्या बेटापाशी,
टिकलीएवढी.
त्यांनी टोपी मागे सारली. या, म्हणाले.
गेलीसुद्धा.
होडी निघण्याआधी जो शब्द तोच निघून गेल्यावर,
खिशात हात घालून तिथेच उभा.

‘पुरे’ खोडलं नाही. वर लिहिलं: आत्ता. खाली: झालं की.
शेजारी, तिरकं: या बोइ = आलेच.
आपला हा ‘च’ घ्या.
आलेच म्हणणारी बाई अजून उठलेली नसते,
आणि तरी कुणी तिला खोटारडी म्हणत नाही.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा
ही भाषा मला घरातली वाटली.

मी सामन माशांच्या कारखान्यात नमुन्यांना चिठ्ठ्या लावते.
शब्दालाही लावू लागले:
तारीख, जागा, कोण बोललं, हवा कशी.
शेजारचा येर्को, वय अकरा, दक्षिणेचा वारा: या, पो.
अर्थ, हो. चल. कळलं. बरं बाई.
उच्चार चुकतोय तुझा, हेही त्यातच.
तो म्हणायचा, तू लांबवतेस फार,
कुणाला तरी बोलावल्यासारखं.

मग नो लागला पुढे.
लादिस्लाओ समुद्रावर जातात का?
या नो.
आधी मला वाटलं गुडघा. गुडघा नव्हता, छाती होती.
दोन अक्षरांत होडी विकली गेली होती,
जाळं भाच्याकडे,
आणि आम्हाला धक्क्यावर घेऊन गेले होते
ते फक्त निरोप द्यायला की काय,
कोण जाणे. वहीत तसा रकाना नव्हता.

ऑगस्टमधली पहाट. चूल रात्रभर पेटती.
मी ओट्यापाशी बसून डुलक्या घेत होते.
आतलं दार उघडलं. दोन्या एदुविना बाहेर आल्या,
कपाटातला टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला
आणि म्हणाल्या,

या.

पुरे. आत्ता. झालं. गेलेसुद्धा. आता नाही.
सगळे अर्थ एकदम आत आले
आणि एकालाही बसायला जागा नव्हती.
मी वही उघडली नाही. किटली ठेवली.

उजाडता उजाडता माणसं चढ चढून येताना दिसली.
बटाट्यांची पोती, अर्धं मेंढरू, लोकरीचे शाल,
चॅपेलमधले बाक, दोघं दोघं मिळून उचललेले.
मी दार धरून उभी.
त्यांचं सांत्वनाचं वाक्य पाठ केलं होतं, ते ऐन वेळी
कुठे गेलं कळलं नाही.
तोंडून आपलंच निघालं, लांब, आईसारखं:
या. या.

आले सगळे. बूट बाहेर पुसले.
येर्कोनं बाक भिंतीला टेकवला, हात झटकले,
आता बरोबर म्हणालीस, म्हणाला.

दोन्या एदुविना कप मोजत होत्या.
प्रार्थनेच्या नऊ रात्री पुढे होत्या,
आणि कप सात.