झोपेची पाळी

बांगुस माशात दोनशेच्या वर काटे असतात.
रोसेंडा ते चिमट्यानं उपसते, एकेक,
नावोतासच्या धक्क्यावर, मध्यरात्रीपासून,
मांसाला ओरखडा न येऊ देता.
उजाडता उजाडता मुकादम तिच्या ओल्या हातावर नोटा ठेवतो
आणि ती त्या मनातल्या मनात
बारा हजारांतून वजा करते.

बारा हजार पेसो.
कोर्टानं क्रिसांतोचा हा भाव ठरवला.
तांब्याच्या तारेचं एक वेटोळं नाहीसं झालं होतं,
ते त्याच्या पेडीकॅबच्या सीटखाली सापडलं म्हणे.
'म्हणे' तेवढं कागदावर नाही.

त्याच दिवशी, त्याच मजल्यावर
गाडीखाली कुणालातरी चिरडलेला एक माणूस होता.
त्याचा भाव तीस हजार.
दुपारच्या जेवणाला तो घरी होता.

मराठीत जमिनीला एक काना दिला की जामीन होतो.
रोसेंडाला मराठी येत नाही,
पण हे तिला सांगावं लागणार नाही.
तिचं घर खाडीत रोवलेल्या बांबूंवर.
भरतीला फळ्यांच्या फटींतून पाणी दिसतं,
ओहोटीला चिखल,
आणि तो चिखलही दुसऱ्या कुणाचा.

रविवारी भेट.
दारावरचा शिपाई तिच्या मनगटावर शिक्का मारतो:
ही बाहेरची आहे, हिला परत जाऊ द्या.
घामानं शाई फिसकटेल म्हणून
ती हात अंगापासून लांब धरून बसते.
अठ्ठावीस जणांच्या कोठडीत एकशे चाळीस.
तिथे झोप पाळ्यांनी येते.
क्रिसांतोची दहा ते दोन,
कुशीवर, चमच्यात चमचा ठेवावा तशी.
दोनला कुणीतरी पायाचा अंगठा दाबतं,
की उठायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं.

पहिल्या तारखेला साक्षीदार आला नाही.
दुसरीला न्यायाधीश रजेवर.
तिसरीला वादळ;
कोर्टाच्या कठड्यावर फायली वाळत घातलेल्या,
त्यांत त्याची कुठली, कुणी विचारायचं?
पुढच्या तारखा तिनं मोजल्या नाहीत,
काटे मोजून जगणाऱ्या बाईनं.

दूध पावडरच्या डब्यात नऊ हजार चारशे साठले
तेव्हा लिवायला डेंग्यू झाला.
पोरगी वाचली.
डबा पुन्हा खुळखुळू लागला.

मग सरकारी वकील आला, काखेत तीस फायली.
म्हणाला, गुन्हा शाबीत झाला असता तरी
फार तर दोन वर्षं.
तू आत तीन वर्षं सात महिने.
कबूल हो, आज संध्याकाळी घरी.
नाही तर फेब्रुवारीत बघू.

मी नाही घेतली तार, क्रिसांतो म्हणाला.
वकील म्हणाला, ते मला माहीत आहे,
आणि घड्याळाकडे बघितलं.

स्वखुशीनं कबूल करतोस?
न्यायाधीशांनी विचारलं. तसं विचारावंच लागतं.
क्रिसांतोनं मागच्या बाकाकडे पाहिलं.
रोसेंडा मनगट झाकून बसली होती,
आज तिथे शिक्का नव्हता, तरीही.
हो, तो म्हणाला. इतक्या हळू
की कारकुनानं पुन्हा म्हणायला लावलं.

म्हणून दोनदा.

त्या रात्री सबंध चटई त्याची होती.
तो एका कडेला, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपला.
रोसेंडानं धक्क्यावर निरोप धाडला होता,
आज येत नाही.
लिवाया बापाला नीट ओळखत नव्हती,
पलीकडच्या कडेला डोळे मिटून जागीच होती.

दोन वाजता तो उठला.
कुणी अंगठा दाबला नव्हता.
बांबूच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला,
मोकळ्या चटईकडे बघत.

झोप ना, रोसेंडा म्हणाली.

आता कुणाची पाळी?
त्यानं विचारलं.

खाली भरतीचं पाणी चढत होतं.
तिनं त्याचा हात ओढला, तर तो आला,
पण पडला तो चटईच्या बाहेर, फळ्यांवर,
ती जागा कुणासाठी तरी ठेवून.