बादली

वेर्ण्याच्या शोरूमबाहेर दोन गाड्या उभ्या,
एक पांढरी, एक पिकल्या काजूबोंडासारखी लाल.
लोटलीकरबाब म्हणाले, "गोकुळदास, आधी मागे बसून बघ."
एकोणीस वर्षांत मला मागे बस असं
कुणी म्हटलं नव्हतं.

बसलो.
पांढरीची गादी इतकी मऊ की
बूड खाली जातं, गुडघे वर येतात,
मांडवातल्या सोफ्यावर बळेच बसवलेल्या
नवऱ्यामुलाच्या मामासारखं होतं.
लालीची कडक. पण पाठ धरून ठेवते.
काणकोणला जायचं तर मी लाली म्हणेन,
दोनापावलापर्यंतच असेल तर पांढरी.
तिसरी रांग दोन्हीकडे सारखीच:
तिथे सामान बसतं,
नाहीतर ज्यांना कुणी विचारत नाही ती पोरं.

प्रेमावतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
दार उघडलं तशी पांढरीची पायरी
घूं करत आपणहून खाली आली.
"नमस्कार करते की काय गो ही?"
लालीची पायरी उंच, तिथे त्यांनी माझा खांदा धरला
आणि गळ्यात पट्टा घातलेल्या शेफालीला विचारलं,
"हा गाडीबरोबर मिळतो, की वेगळा घ्यावा लागतो?"

मग मी पुढे बसलो, माझ्या जागी.
पांढरीचं बॉनेट म्हणजे फुटबॉलचं मैदान,
गोलपोस्ट कुठे ते दिसत नाही.
आणि उजवा खांब एवढा जाड
की त्याच्यामागे एक अख्खी स्कूटर जाते,
वर नवरा, बायको, मधे गॅसचा सिलिंडर.
हायवेकडे तोंड करून मी तीनदा पाहिलं.
"पडद्यावर दिसतं ना सगळं," शेफाली म्हणाली,
"वरून, घारीला दिसतं तसं."
"बाय, मी घार न्हय," मी म्हटलं.
"एक बादली मिळेल?"

वॉचमनने लादी पुसायची हिरवी बादली आणली.
बंपरला टेकवून ठेव म्हटलं, आणि आता मागे ने,
टाचेला अंगठा लावत, एकेक पाऊल.
"दिसली?"
"ना."
"आता?"
"ना."
अकराव्या पावलाला हिरवी कड दिसली.
लालीत सातव्याला.
लोटलीकरबाबांनी घड्याळ बघितलं.
"बादली कशाला रे मधेच?"

काय सांगणार.
सांगण्यासारखं घडलंच नव्हतं काही.
रिवणचं वळण, दहा टन खनिज, दुपारचे चार,
अंगभर तांबडी धूळ.
बाबुसो, माझा क्लीनर, एकदम ओरडला
आणि मी ब्रेकवर उभा राहिलो.
समोर रस्ता मोकळा.
मग बंपरखालून एक पोर वर आली,
मुठीत काजूच्या बिया,
आमच्याकडे रागाने बघितलं
आणि एक राहिली म्हणून परत वाकली.
वाकल्यावर उंची: बादलीएवढी.

आता ती केप्याला बँकेत असते.
चष्म्यावरून बघते, म्हणते,
"काका, सही जुळत नाही, परत करा."
मी परत करतो.
तिचं नाव मला टेबलावरच्या पाटीवरून कळलं.
माझं तिला पासबुकावरून.
तेवढीच ओळख.

पांढरी घेतली.
मऊ आहे, पायरी आहे, पडदा मोठा आहे,
आणि पैसे माझे नव्हेत.

फातोर्ड्याच्या त्या गल्लीत
दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे,
आरसे मिटल्याशिवाय ती बाहेर निघत नाही.
रोज सकाळी किल्ली लावण्याआधी
मी बंपरपासून चालत जातो,
टाचेला अंगठा, टाचेला अंगठा,
वाकून बघतो, मागे फिरतो.
शेजारच्या बर्नादेतबाईंना वाटतं, कसला तरी नवस आहे.

काल मधेच फोन वाजला. घेतला, खिशात टाकला,
आणि दाराकडे वळलो.
बाल्कांवात पाय लांब करून बसलेल्या प्रेमावतीबाई
पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या,
"धाच जालीं, गोकुळदास.
एक उरलां."