सालीचा आरसा

बाइनिरच्या टॉर्चचा आरसा गुळगुळीत.
आत डोकावलं की स्वतःचंच नाक दिसतं, ताणलेलं,
आणि तळाशी तो पिवळा चौकोनी कण,
तिळाहून जरा मोठा.
अंगणातून बटण दाबलं की खाडीपलीकडच्या कड्यावर
थाळीएवढा पांढरा ठिपका उमटतो.
त्यात पफिनसुद्धा मोजता येतात, म्हणतो.
(पफिन येतात उन्हाळ्यात, तेव्हा इथं रात्रच होत नाही.
पण मी बोलले नाही.)

माझ्या टॉर्चच्या आरशावर बारीक बारीक खळ्या,
संत्र्याच्या सालीला असतात तशा.
"देवी येऊन गेल्यात तुझ्या टॉर्चला,"
बाइनिर म्हणाला, आणि दोन्ही उजेड
शेडच्या भिंतीवर शेजारी शेजारी धरले.
त्याचा सुरीनं कापल्यासारखा,
भोवती कडी, कडीबाहेर एकदम काळोख.
माझा कढईतल्या लोण्यासारखा,
कुठं संपला ते सांगता येईना.
"लांब नाही जात," तो म्हणाला.
खरंच होतं ते.

नोव्हेंबरात म्हातारा हाइनी घरातून निघाला.
बायको जाऊन नऊ वर्षं झालेली,
तो तिला बोटीवरून उतरवून घ्यायला निघालेला.
गावात माणसं अकरा. सगळी बाहेर.

बाइनिर कड्याच्या टोकावर उभा राहून
समुद्रातला सुळका, त्यावरचं शेवाळ,
धक्क्याची साखळी, साखळीची एकेक कडी
उजळत राहिला.
लखलखीत ठिपक्याला सरावलेला डोळा
बाकीच्या सगळ्याला अंधारच समजतो.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
इथं तो उजेडाला खेटून बसला होता,
वीस पावलांवर,
मेंढ्यांच्या दगडी कुंपणापाशी,
घरातल्या सपाता घालून.

मी मागून येत होते. काही शोधतही नव्हते खरं तर,
पाय घसरू नये एवढंच बघत होते.
माझ्या उजेडाच्या कडेला,
जिथं तो उजेड आहे की नाही असा वाद घालता येईल,
तिथं गवताच्या रंगाचं काहीतरी हललं.
विणलेली टोपी.
हाइनीनं डोळ्यांवर हातसुद्धा धरला नाही.
"बोट आली?"
"उशीर आहे तिला," मी म्हणाले.
"मग बस की," तो म्हणाला. बसले.

बाइनिर धावत आला, टॉर्च विझवून.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला
संत्रं सोलता सोलता थांबला.
साल अंगठ्यानं चाचपली, खिडकीकडे धरली,
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
"बारीक पॉलिशपेपर आहे का गं घरात?"

हात पुसून मी त्याची टॉर्च उचलली,
उंच फळीवर ठेवली, डब्यांच्या मागं.
"राहू दे तसाच," म्हटलं.
"एखाद्या रात्री बोट खरंच वाट चुकेल."