माप

केळीच्या बागा संपतात
आणि सातपुडा चढायला लागतो, तिथं आमचं गाव.
पहिल्यांदा ते आले, त्यानंतर
सगळ्यांना मजबूत दारं हवी होती.
मी सुपडू मिस्तरी. सागाची दिली.

दुसऱ्यांदा पोळ्याच्या आदल्या रात्री.
साग अकरा घावांत जातो,
जुनी बाभूळ सतरा खाते.
हे मला कौतिक वाण्यानं सांगितलं,
माळ्यावर पालथं पडून त्यानं मोजले होते.

मथुराबाई फुटकी फळी सोडेना.
फळीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
दर दिवाळीला एक. नऊ.
"हाई फेकू नको भाऊ, यामा मना आंडोर शे."
नव्या दारात तीच बसवली,
रंधा न मारता.

तिसऱ्या खेपेचं मी बोलत नाही.
तो आठवडाभर नुसते बांबू कापले.

आता दार कुणी मागत नाही.
विचारतात, मागच्या भिंतीत खिडकी काढशील?
बागेकडं उघडणारी. गज नको.
केवढी, ते सांगत नाहीत,
लेकराला पुढं करतात.

मी दोरी धरतो,
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
झिपरूची धाकटी हात अंगाला चिकटवून
श्वास रोखून ताठ उभी.
"फ्रॉक शिवणार का, बाबा?"
मी दोरीला गाठ मारतो.
वाढतं अंग आहे,
बोटभर जास्तच धरतो.