अडीचशे तासांनी

मीटरवर आकडा भरला की गाडी येते.
किलोमीटरचा नाही, तासांचा.
चाकं उभी असली तरी थंडी चालूच असते,
तिचा हिशेब वेगळा.

हैदराबाद रोड, मे महिना, दुपारचे दोन.
बाहेर चव्वेचाळीस.
सिद्रामप्पा केबिनमधून उतरतो, पत्र्याला हात लागतो,
कन्नडमध्ये शिवी देतो आणि मराठीत म्हणतो,
"लवकर सोड बे, आठला सांगोल्यात डाळिंब भरायचंय.
पॅक चालू हाय की, बघायचंय काय त्यात?"

चालू आहे, हे मलाही ऐकू येतंय.
पण खाजाभाई म्हणायचे,
चालू असणं आणि थंड करणं
ह्या सख्ख्या बहिणी नाहीत, जावा आहेत.

आधी कंडेन्सर.
हायवेची धूळ, उसाचं पाचट, एक अख्खं फुलपाखरू
जाळीत असं बसलंय की कुणी विणून घ्यावं.
पाणी हळू मारायचं. जोर केला की पत्र्या वाकतात,
मग कंगवा घेऊन एकेक सरळ करत बसा,
जशी भाग्यलक्ष्मी बसली आहे आत्ता,
आधीच्या कुणाचा तरी जोर निस्तरत.
तिची आई विड्या वळते.
बोटं आईचीच आली आहेत:
पट्टा अंगठ्याने दाबते आणि सांगते,
"ढिलाय मामा, दोन सूत."
मी पट्टी लावतो.
दोन सूत.
पट्टी पुसून खिशात ठेवतो, बोलत नाही काही.

ऑइल काळं निघालं. बदललं.
सांध्यांवर साबणाचा फेस लावून दोघं थांबलो,
बुडबुडा येऊ नये म्हणून टक लावून.
नाही आला.

मग पाणी जायची नळी. हवा मारली, जाईना.
तार घातली, तर मातीच आली बाहेर:
कुंभारीण माशीचं घर. सुबक, तीन खोल्यांचं,
आत गुंगी दिलेले कोळी,
होणाऱ्या पोरांचा शिधा,
न सडता टिकवलेला, या उन्हात, गॅसशिवाय.
"मामा, हिचंपण कोल्ड स्टोरेजच की."
सिद्रामप्पा हसला नाही. त्याला आठवलं,
मागच्या फेरीत खालच्या थराच्या पेट्या भिजल्या होत्या
आणि व्यापाऱ्याने भाड्यातले चार हजार कापले होते.
"म्हणजे हिनं?"
बराच वेळ तो त्या मातीकडे बघत राहिला.

शेवटी दरवाजा.
हे काम मी कुणाला देत नाही.
आत जातो, बाहेरून कडी लावायला सांगतो.
अंधार. मागच्या मालाचा वास, बहुतेक लोणी.
पॅक बंद करून तास झाला, तरी आत अजून दहा-अकरा.
अंगावरचा घाम आधी गार होतो, मग उरत नाही.
बाहेर ती बॅटरी घेऊन रबराच्या कडेकडेने चालते,
मी आतून बघतो, कुठे उजेड शिरतो.
वरची कड काळी.
बिजागरीची बाजू काळी.
मग डावीकडे, अगदी तळाशी,
धाग्याएवढा.
इथूनच जाते थंडी,
आणि इथूनच अख्खं सोलापूर आत येतं, चपला न वाजवता.
खडूने खूण केली.
खरं सांगायचं तर खूण केल्यावर
मी लगेच दार वाजवलं नाही.
तिने तीनदा हाक मारली.

साडेपाचला गाडी गेली. नवं रबर, नळीच्या तोंडाला जाळी,
आकडा सहावर लावलेला.
रजिस्टरमध्ये 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना आहे.
त्यात लिहिलं, माशी. मग खोडून लिहिलं, आपण बघितलं नाही.

भाग्यलक्ष्मी शेडमधल्या पंख्याकडे बघत होती.
दिवाळीपासून तो तसाच आहे.
"ह्याचे किती तास भरले, मामा?"
मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.
तिने स्टूल ओढलं, टेस्टर दातांत धरला.
स्टूलही डुगडुगतं आमचं.
मी ते धरून उभा राहिलो.